गाडीवरचा डोनट गरम नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी दैनिकांच्या खाद्य-पुरवण्यांत अधूनमधून ‘न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा डोनट’ अशा मथळ्याची पाककृती येते. तिचे वळण ठरलेले असते. आधी पहाटेची थंडी, कोपऱ्यावरची गाडी आणि कढईतून निघणारा गरमागरम डोनट. मग कृती: दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी दही, चिमूटभर सोडा, पंधरा मिनिटे झाकून ठेवा, तळा, वरून पिठीसाखर भुरभुरा. यातून जे होते ते खायला वाईट लागत नाही. पण तो गाडीवरचा डोनट नव्हे. मुळात त्या गाडीवर कढईच नसते.

ही बारीकसारीक चूक म्हणून सोडून देता आली असती. पण त्या डोनटची जी ओढ आहे, तिचे कारणच या चुकीखाली दडते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या पदपथावर सकाळी दिसणाऱ्या स्टीलच्या पेटीसारख्या गाडीला तिकडे ‘कॉफी कार्ट’ म्हणतात. मुख्य माल कॉफी, बाकी सगळे तिच्या जोडीला. पदपथावरची गाडी दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद यापेक्षा मोठी असू नये, असा शहराचा नियम आहे. तेवढ्या जागेत विक्रेता, कॉफीचा उंच पिंप, दुधासाठी बर्फाची पेटी, हात धुण्याचे पाणी, कपांच्या चळती आणि समोर काचेआड फळ्यांवर मांडलेले बेगल, लोणी लावलेले रोल, मफिन, डेनिश, क्रोसाँ आणि डोनट. डोनट तळायचे तर तेलाची मोठी टाकी हवी, धूर ओढून घेणारी सोय हवी, पीठ फुगवायला ऊबदार दमट कपाट हवे आणि आगीचा बंदोबस्त हवा. हे तिथे मावत नाही. मांस परतणाऱ्या किंवा सॉसेज विकणाऱ्या गाड्या वेगळ्या. त्या दुपारच्या जेवणाच्या.

ही गाडी रात्री रस्त्यावर राहत नाही. आरोग्य खात्याच्या नियमाप्रमाणे ती रोज ‘कमिसरी’ नावाच्या गॅरेजवजा जागी न्यावी लागते. तिथे ती धुतात, पाणी भरतात आणि पहाटे तिच्यावर माल चढवतात. घरी केलेला पदार्थ गाडीवर विकायला परवानगी नाही, त्यामुळे डोनट घाऊक बेकऱ्यांतून येतात. बेकरीत तळण चालते रात्री. मध्यरात्रीनंतर ट्रे भरले जातात, उजाडायच्या आत गाडी आपल्या कोपऱ्यावर उभी राहते, सात ते नऊ खरी गर्दी आणि दुपार व्हायच्या आत गाडी परतीच्या वाटेला. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तेव्हा डोनट साधारण पाच ते आठ तासांचा असतो. यीस्टच्या डोनटचे चांगले आयुष्य असते दहा-बारा तास. गाडी ते संपायच्या आत घरी जाते. दुकानात सकाळचाच ट्रे संध्याकाळपर्यंत काचेत बसतो. गाडीवर ती सोयच नाही. आमच्या मते या डोनटचे निम्मे गुण बेकरीचे आणि निम्मे या वेळापत्रकाचे.

पाच तासांच्या शिळ्या पदार्थाचे एवढे काय कौतुक, असे कुणी म्हणेल. कढईतून नुकत्याच काढलेल्या यीस्टच्या डोनटचा गाभा अजून बसलेला नसतो. आत वाफ असते, पिठातले स्टार्च ओलसर गोळ्यासारखे असते, दाबले की परत वर येत नाही. वरचे साखरेचे पातळ आवरण, म्हणजे ग्लेझ, ओघळत असते. गरम डोनटचे सुख वेगळे आहे आणि त्यासाठीही लोक रांगा लावतात. पण गाडीवरच्या डोनटची खूण वेगळी. ग्लेझ वाळून कागदाइतका पातळ पापुद्रा झालेला असतो, दात लागताच तडकतो. खालचा गाभा लुसलुशीत पण चिवट नाही, ओढला की धाग्याधाग्याने सुटतो. तळणीतले स्निग्ध निवून गोठलेले असते, म्हणून बोटे साखरेने चिकट होतात, तेलकट होत नाहीत. हे सगळे व्हायला एक-दोन तास थांबावेच लागते.

आता कृतीकडे. गाडीवर दोन जातींचे डोनट असतात आणि पाककृती छापताना त्यांचा हटकून गोंधळ होतो. एक यीस्टने फुगवलेला: ग्लेझचा, चॉकलेट लावलेला, आत जेली किंवा क्रीम भरलेला. दुसरा बेकिंग पावडरने फुगवलेला, ज्याला ‘केक डोनट’ म्हणतात: भरीव, केकसारखा, वरून चिरा पडलेला. दही-सोड्याची कृती दुसऱ्या जातीच्या लांबच्या नात्यातली. चित्र मात्र नेहमी पहिल्याचे छापलेले असते!

यीस्टच्या बारा-तेरा डोनटसाठी प्रमाण असे: मैदा ५०० ग्रॅम, दूध २४० मिली, एक अंडे, साखर ६० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघून घ्यावा. ११ ते १२ टक्के चांगले. याहून कमी असेल तर तळताना डोनट उठतो आणि काढल्यावर बसतो. साखर मोहापायी वाढवू नये. मैद्याच्या १२ टक्क्यांच्या बरीच वर गेली की यीस्ट मंदावते, आणि तेलात रंग इतक्या लवकर चढतो की बाहेरून बदामी झालेला डोनट आत कच्चा राहतो. गाडीवरच्या डोनटची गोडी पिठात कमी आणि वरच्या आवरणात जास्त असते, हे लक्षात घेतले तर हा मोह होत नाही.

दूध कोमट, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. लोणी सोडून बाकी सगळे एकत्र करून आधी आठ-दहा मिनिटे मळायचे आणि मगच मऊ लोणी थोडे थोडे घालायचे. लोणी सुरुवातीलाच घातले तर ते मैद्याच्या कणांवर बसते आणि पिठाला ताण येत नाही. मळून झालेल्या पिठाचा तुकडा बोटांनी ताणला की पडद्यासारखा पातळ व्हावा आणि त्यातून उजेड दिसावा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला किंचित चिकटणारे असते. चिकटते म्हणून वरून मैदा घालत बसणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. तो मैदा पिठात शिरून डोनट घट्ट होतो, आणि पृष्ठभागावर राहिलेला मैदा तेलात जळून तळाशी काळा गाळ साठतो.

मळलेले पीठ २६-२७ अंशांवर असावे. झाकून सुमारे तासभर, जवळपास दुप्पट होईपर्यंत. मग हवा काढून १२ मिलिमीटर जाडीचे लाटायचे. आणि इथे थांबायचे. लाटलेल्या पिठात ताण असतो. लगेच कापले तर गोल कापलेला डोनट आकसून लंबगोल होतो. दहा मिनिटे झाकून ठेवले की ताण उतरतो. बाहेरचा व्यास आठ सेंटिमीटर, भोक अडीच सेंटिमीटर. भोक का, हे मेदूवडा करणाऱ्याला सांगायची गरज नाही: गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचेपर्यंत कडा करपतात, म्हणून मध्यच काढून टाकायचा. जेली भरायच्या डोनटला भोक नसते, म्हणून तो थोडा पातळ लाटावा आणि थोडा जास्त वेळ तळावा. कापून उरलेले तुकडे पुन्हा मळून लाटले तर निघणारे डोनट वातड होतात. ते तुकडे तसेच तळून मुलांना द्यावेत.

प्रत्येक डोनटखाली बटर पेपरचा चौकोन ठेवला तर पुढचे काम सोपे होते, कारण फुगलेला डोनट हाताने उचलला की बोटांचे खड्डे पडतात आणि ते तेलात भरून येत नाहीत. दुसरी फुगवण ३५ अंशांच्या आसपास, अर्धा-पाऊण तास. पाव फुगवायला लागते तेवढी दमट हवा इथे नको. पृष्ठभाग ओला राहिला तर तळताना त्यावर फोड येतात. बेकरीत म्हणूनच कपाटातून काढल्यावर ट्रे पाच-दहा मिनिटे उघडे ठेवतात. वरची त्वचा जराशी सुकते, मगच तेल. बोटाने हलके दाबून बघावे. खड्डा झटकन भरून आला तर वेळ आहे. हळूहळू आणि अर्धवट भरला तर तयार. भरलाच नाही तर उशीर झाला. उशीर झालेला डोनट तेलात सुरकुततो, चपटा होतो आणि तेल पितो. लवकर टाकलेला एका बाजूने फाटतो.

तेल १८५ अंश. थर्मामीटर नसेल तर हा पदार्थ करूच नये असे म्हणणार नाही, पण तो स्वस्तात मिळतो आणि इतर कुठल्याही साधनापेक्षा जास्त उपयोगी पडतो. कढईत एका वेळी तीनच. जास्त टाकले की तापमान १६५-१७० वर घसरते. डोनटची कड लवकर पक्की होत नाही आणि तेल आत शिरते. उलट, तेल २०० च्या पुढे गेले तर मिनिटभरात बाहेर चॉकलेटी आणि आत लगदा. बरोबर तापमानाला एका बाजूला एक मिनिट, उलटून दुसऱ्या बाजूला एक मिनिट, आणि एकदाच उलटायचे. घालताना फुगलेली वरची बाजू आधी तेलात जावी. खालची बाजू नंतर मोकळेपणी उठते. आणखी एक गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही. अगदी नव्या कोऱ्या तेलात रंग नीट चढत नाही. पहिला घाणा फिका निघाला म्हणून तेल तापवत सुटू नये. दुसरा आपोआप बरा निघतो. बेकरीवाले याचसाठी नव्या तेलात थोडे आधीचे चांगले तेल मिसळतात.

तळलेल्या डोनटच्या कमरेला फिकट पांढरा पट्टा दिसतो. गाडीवर डोनट निवडताना पहिल्यांदा तोच बघावा. नीट फुगलेला डोनट इतका हलका असतो की तेलात अर्धाच बुडतो, आणि उलटल्यावरही मधल्या भागाला तेल लागत नाही. पट्टा अजिबात नसेल तर पीठ जड होते, डोनट खोल बुडाला होता, आणि तो हातालाही जडच लागेल. पट्टा असून वर सुरकुत्या असतील तर फुगवण जास्त झाली. काचेआडून, पैसे द्यायच्या आधी, एवढे तरी कळते.

तेल किती शिरते? तयार डोनटच्या वजनात पाचवा, कधी चौथा भाग स्निग्ध असू शकतो. त्यातले बरेचसे तळताना शिरत नाही, काढल्यानंतर शिरते. तळणीत असेपर्यंत आतली वाफ बाहेर ढकलत असते. डोनट बाहेर काढला की वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून काढलेला डोनट जाळीवर ठेवून पहिल्या काही सेकंदांतच निथळू द्यावा. ताटात एकावर एक रचले तर खालचे डोनट वरच्यांचे तेल पितात.

तेल कुठले, हा या सगळ्यातला सर्वांत रंजक भाग आहे, आणि न्यूयॉर्कचा या बाबतीत एक इतिहासही आहे. घरी आपण द्रव तेलात तळतो. ते निवल्यावरही द्रवच राहते. हळूहळू पृष्ठभागावर येते, ग्लेझखाली जाते, ग्लेझ सुटतो, कागदी पिशवी पारदर्शक होते. बेकरीला रात्री दोनला तळलेला डोनट सकाळी नऊपर्यंत नीटनेटका हवा असतो. त्यासाठी साध्या तापमानाला घट्ट राहणारे स्निग्ध लागते. ते डोनटच्या छिद्रांत गोठून बसते, कड कोरडी ठेवते आणि ग्लेझला धरायला जागा देते. अनेक दशके हे काम अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या वनस्पती तेलाने केले. स्वस्त, टिकाऊ, पुन्हा पुन्हा तापवता येणारे. पण हृदयाला घातक अशा ट्रान्स फॅटने भरलेले. डिसेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळाने खाद्यविक्रेत्यांसाठी त्यावर बंदी मंजूर केली. सर्वसाधारण तळणीच्या तेलाला १ जुलै २००७ ची मुदत होती. यीस्टचे पीठ आणि केकचे मिश्रण तळणाऱ्यांना मात्र आणखी एक वर्ष, १ जुलै २००८ पर्यंत, सवलत मिळाली. बटाटे दुसऱ्या तेलात तळले तर फारसे काही बिघडत नाही. डोनटचे सगळेच बिघडते. पोत, ग्लेझ, टिकाऊपणा, सगळे त्या एका स्निग्धावर उभे असते. संपूर्ण देशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या तेलांविरुद्ध निर्णय घेतला तो २०१५ मध्ये, आणि त्याची अंमलबजावणी जून २०१८ पासून सुरू झाली.

बदली म्हणून मुख्यतः पामतेलावर आधारलेली मिश्रणे आली. त्यांचा तोल सांभाळणे सोपे नाही. वितळायचा बिंदू खाली गेला तर तेल पुन्हा पाझरते. शरीराच्या तापमानाच्या बराच वर गेला तर डोनट छान दिसतो, पण खाल्ल्यावर टाळूला मेणाचा थर बसल्यासारखे वाटते. गाडीवरचा एखादा डोनट खाऊन ‘तोंड धुवावेसे वाटले’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा इथे असते. साखरेचा तिथे काही दोष नाही. घरी द्रव तेलच वापरायचे असेल तर खुशाल वापरावे, मात्र डोनट तीन-चार तासांत संपवावेत. रात्री करून सकाळी खायचा बेत त्या तेलात जमणार नाही.

ग्लेझ: बारीक आइसिंग शुगर २५० ग्रॅम, गरम पाणी किंवा दूध ५० मिली, मीठ किंचित. मिश्रण ४५ अंशांच्या आसपास कोमट ठेवावे. डोनट हातात धरवेल इतका गरम असताना बुडवून जाळीवर ठेवायचा. फार गरम असला तर ग्लेझ आत शोषला जातो आणि वर काहीच दिसत नाही. पूर्ण निवलेल्या डोनटवर तो जाड, पांढरट, खडूसारखा बसतो. घरी दळलेल्या पिठीसाखरेचा ग्लेझ खरबरीत होतो, कारण कण मोठे राहतात. बाजारच्या आइसिंग शुगरमध्ये थोडे कॉर्नस्टार्चही असते, त्याचा बांधायला उपयोग होतो.

ग्लेझचा शत्रू दमट हवा. न्यूयॉर्कचे जुलै-ऑगस्ट दमट असतात आणि गाडीच्या पेटीत शेजारीच कॉफीचा पिंप वाफाळत असतो. साखर हवेतले आणि डोनटच्या गाभ्यातले पाणी ओढते, आणि आठ वाजेपर्यंत पापुद्र्याला घाम फुटतो. म्हणून चांगले विक्रेते ग्लेझचे डोनट पिंपापासून लांबच्या फळीवर आणि सुटे मांडतात. एकावर एक रचत नाहीत. थंडीत उलटे होते. हवा कोरडी, ग्लेझ तडकून सुटतो, डोनटची कड वाळते. ग्लेझच्या डोनटसाठी वसंत आणि शरद हे चांगले ऋतू. पांढरी भुकटी लावलेल्या डोनटवर साधी पिठीसाखर टिकत नाही, तासाभरात ओली होते. बेकऱ्या त्यासाठी स्निग्धाचा लेप दिलेली डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, भुकटी वापरतात. डेक्स्ट्रोज विरघळताना उष्णता शोषून घेते, म्हणून असा डोनट जिभेवर क्षणभर गार लागतो. घरच्या पिठीसाखरेने तो गारवा येत नाही, आणि अनेकांना आपल्या डोनटमध्ये ‘काहीतरी कमी’ वाटते ते हेच.

भरलेल्या डोनटबद्दल थोडक्यात. जेलीतले पाणी हळूहळू गाभ्यात जाते आणि भोवती ओले कडे तयार होते, म्हणून जेलीचा डोनट सकाळी लवकर घ्यावा. क्रीमच्या डोनटमध्ये अंड्या-दुधाचे खरे कस्टर्ड असेल अशी अपेक्षा ठेवू नये. ते ५ अंशांखाली ठेवावे लागते, काचेआडच्या फळीवर चालत नाही. बेकऱ्या साखर आणि स्टार्च जास्त असलेले, साध्या तापमानाला टिकणारे फिलिंग भरतात. मोजक्या पैशांत याहून जास्त मागणे बरे नव्हे.

आता कॉफी. न्यूयॉर्कच्या गाडीवर ‘रेग्युलर’ म्हटले की दूध-साखर घातलेली कॉफी मिळते. काळी हवी असेल तर तसे सांगावे लागते. ती ज्या निळ्या-पांढऱ्या ग्रीक नक्षीच्या कागदी कपातून मिळू लागली तो ‘अँथोरा’ कप १९६३ मध्ये लेस्ली बक यांनी शेरी कप कंपनीसाठी तयार केला. शहरातले कॉफी विकणारे बरेच उपाहारगृहवाले तेव्हा ग्रीक होते, त्यांना आवडावा म्हणून ती नक्षी. आता गाड्यांवर तो कप पूर्वीइतका सर्रास दिसत नाही. यंत्राने डोनट करण्याची सुरुवातही याच शहरातली. रशियातून आलेल्या अ‍ॅडॉल्फ लेव्हिट यांनी १९२० मध्ये डोनटचे यंत्र आणले, आणि दिवसभर हाताने कापण्या-तळण्याचे काम घाऊक झाले. एवढा इतिहास पुरे.

डोनट कॉफीत बुडवून खाण्याची सवय अनेकांना बालिश वाटते. तिच्यामागे चांगले रसायन आहे. पाव असो की डोनट, शिळा होतो म्हणजे केवळ वाळतो असे नाही. शिजताना सैल झालेले स्टार्च निवल्यावर पुन्हा घट्ट रचले जाते आणि गाभा कडक लागतो. ही रचना ६० अंशांच्या आसपास पुन्हा सैल होते. गाडीवरची कॉफी त्याहून गरम असते. म्हणजे सहा-सात तासांचा डोनट कॉफीत बुडवला की काही सेकंदांपुरता तो मध्यरात्रीचा होतो, आणि गोठलेले स्निग्धही वितळून मऊ होते. कॉफीचा कडूपणा स्निग्धाचा चिकटपणा कापतो, हा वरचा फायदा. मात्र बुडवायचा तो केक डोनट. त्याचा गाभा भरीव असतो, कॉफी शोषून आकार धरून ठेवतो. यीस्टचा डोनट बुडवला तर ग्लेझ कपात विरघळतो आणि अर्धा डोनट त्याच्यामागे जातो. तो कोरडाच, कॉफीच्या घोटाघोटाबरोबर खावा.

हेच स्टार्च थंड केले तर उलट वागते. शिळे होण्याचा वेग फ्रिजच्या तापमानाला, ४ अंशांच्या आसपास, सर्वांत जास्त असतो. उरलेला डोनट फ्रिजमध्ये ठेवू नये. एक तर बाहेर कागदी पिशवीत त्याच दिवसापुरता, नाहीतर घट्ट गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये. प्लॅस्टिकच्या पिशवीत आतला दमटपणा कोंडतो आणि ग्लेझचा पाक होतो. गाडीवाला साधी कागदी पिशवी देतो ती काटकसर म्हणून असेलही, पण डोनटला तीच मानवते.

गाडीवरचा डोनट दुकानातल्यापेक्षा सहसा स्वस्त असतो. त्याचे गणित मात्र विक्रेत्याला सोपे नाही. न्यूयॉर्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्यांच्या परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. वर्षभर शहरात कुठेही चालणारे परवाने सुमारे तीन हजारांवर अडकले, आणि ज्यांना मिळाले नाहीत ते दुसऱ्याचा परवाना हजारो डॉलर देऊन बेकायदा भाड्याने घेऊ लागले. २०२१ च्या कायद्याने २०२२ पासून दहा वर्षे दरवर्षी ४४५ नवे परवाने द्यायचे ठरवले. त्यात कमिसरीचे भाडे धरा. वर नियम असे की गाडी इमारतीच्या दारापासून २० फूट आणि चौकातल्या पादचारी पट्ट्यांपासून १० फूट लांब, शिवाय चालणाऱ्यांना १२ फूट रुंद वाट मोकळी. इतके सांभाळून जो कोपरा मिळतो तो टिकवायचा तर गिऱ्हाईक रोज त्याच वेळी यावे लागते. म्हणून हात भराभर चालतो. नेहमीचे गिऱ्हाईक दुरून दिसले की कप भरायला लागतो, डोनट चिमट्याने किंवा कागदाने उचलून पिशवीत, सुटे पैसे तयार. पुढ्यातले काम अर्ध्या मिनिटात होते. लेखांत ‘पदपथावरचा आपलेपणा’ म्हणून जे वर्णन येते त्यात या वेगाचा वाटा मोठा आहे. थांबवून गप्पा मारणाऱ्याचे मागच्या रांगेत काय स्वागत होते ते वेगळे सांगायला नको.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच. ‘गाडीवरचा’ म्हणून कृती छापायची असेल तर यीस्टची छापावी. दही-सोड्याची छापायची असेल तर तिला तिच्याच नावाने छापावी आणि चित्रही तिचेच द्यावे. मापे ग्रॅममध्ये द्यावीत, कारण एका वाटीत मैदा सैल भरला की दाबून भरला यावरच पन्नास-साठ ग्रॅमचा फरक पडतो आणि इतक्या फरकाने हे पीठ बिघडते. तेलाचे तापमान अंशांत द्यावे. ‘मध्यम आच’ प्रत्येक शेगडीला वेगळी. ‘गरमागरम वाढा’ या शेवटच्या ओळीऐवजी ‘जाळीवर दोन तास ठेवा’ असे छापले तर वाचकांचे डोनट अधिक चांगले होतील. आणि चित्रातून ती कढई काढावी.

आपला,
बेकरी व्यवसायातील एक वाचक